सतरा नंबरची पिन

निवेदनात माझं नाव तेवढं बरोबर होतं. रंजीता वासुदेव निकुरे, हवालदार, कोतप्रमुख. त्याखाली जे टाइप केलेलं होतं, त्यातलं एकही वाक्य मी बोलले नव्हते.

‘दसऱ्याच्या शस्त्रपूजेवेळी मी सर्व रायफलींना हळद-कुंकू लावले. ते यंत्रात शिरल्याने रायफल क्रमांक १७ अडली. हा माझा निष्काळजीपणा असून तो मला मान्य आहे.’

प्रफुल भोयर आमच्या पोलीस मदत केंद्राचा लेखनिक, गोंडपिपरीचा. त्यानं पेन माझ्यापुढं धरलं होतं आणि नजर टेबलाखाली लपवली होती.

“बाई, करून टाका सही. साहेब म्हणून राह्यले, कोतमधून काढतीन फक्त. नोकरीले काई धक्का नाई.”

“मी सही नाई करत, प्रफुलभाऊ.”

“काय म्हनलं?”

माझा आवाज मुळातच बारीक. आरमोरीला शाळेत असताना हजेरीत माझं ‘हजर’ गुरुजींना ऐकू जायचं नाही आणि मी महिन्यातून चार दिवस गैरहजर लागायची. म्हणून मला माझं ‘नाही’ नेहमी दोनदा म्हणावं लागतं. ते मी म्हटलं.

कोत म्हणजे हत्यारं ठेवायची खोली. कोंदापारच्या मदत केंद्रातली ती खोली चार वर्षांपासून माझ्या ताब्यात होती. शस्त्रदुरुस्तीच्या प्रशिक्षणाला बावीस पुरुष होते आणि मी एकटी. परत आले तेव्हा कोतची चावी माझ्या हातात पडली. ती मी तुळशीच्या माळेसोबत गळ्यात घालते, म्हणजे आंघोळीलासुद्धा विसरत नाही. आता ती चावी माझ्या गळ्यात राहते की उतरते, एवढंच त्या कागदावर ठरायचं होतं.

पण कागद आला कसा, ते आधी सांगायला हवं.

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे चोवीस नव्या रायफली आल्या. आमचं केंद्र आलापल्लीच्या पुढं, डांबर संपल्यावर चौदा किलोमीटर आत. तिथवर नवीन वस्तू क्वचितच येते, आणि आली तर तिचा पहिला मालक दुसराच कोणी असतो. या मात्र कोऱ्या होत्या, कागदात गुंडाळलेल्या. पहिली पेटी मी उघडली तेव्हा सगळं केंद्र दाराशी गोळा झालं होतं.

जुन्या रायफलींना मी वाईट म्हणणार नाही. त्यांनी आम्हाला सांभाळलं. पण त्यांचा बट, खांद्याला टेकतो तो भाग, एकाच मापाचा, आणि ते माप कोणा सहा फुटी माणसाचं. मी पाच फूट. गोळी चालवली की खांद्यावर आठवडाभर निळा डाग राहायचा. नव्या रायफलीचा बट मागंपुढं सरकतो, पाच ठिकाणी अडतो. मी तो सगळ्यांत आखूड केला, खांद्याला लावला, आणि गाल जिथं पडायला हवा तिथंच पडला. हत्यार घडवताना कोणीतरी माझ्याएवढ्या माणसाचाही विचार केला होता. मला त्या अनोळखी माणसाला नमस्कार करावासा वाटला.

जंगू हिचामीला तर ती फारच आवडली. जंगू आमच्या गस्तीचा पुढचा माणूस, इथूनच दोन डोंगर पलीकडच्या गावचा, आणि डावखुरा. जुन्या रायफलीची सेफ्टी उजव्या हाताची, आणि चालवल्यावर तापलेली पुंगळी त्याच्या नाकासमोरून उडायची. नवीला सेफ्टी दोन्ही बाजूंनी आहे. पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीमागं एक छोटा उंचवटा आहे, तो तिला तोंडावर येऊ देत नाही, पुढं लोटतो.

“बाई, ह्या रायफलले माहीत आहे, मी डाव्या हातानं जेवतो,” तो म्हणाला होता.

वर लांब दातेरी पट्टी, तिच्यावर दुर्बीण बसवायची. मॅगझिन धुरकट काचेसारखं, किती गोळ्या उरल्या ते बाहेरून दिसतं. पण माझा जीव आतल्या यंत्रावर. गोळी नळीतून जाताना तिच्यामागचा थोडासा वायू एका बारीक भोकातून वर येतो आणि पिस्टनला ढकलतो. पिस्टन बोटाच्या दोन पेरांएवढाच सरकतो, पण तेवढ्या धक्क्यानं बोल्ट थोडा फिरून कुलपासारखा उघडतो, मागं जातो, रिकामी पुंगळी फेकतो आणि परतताना नवी गोळी घेऊन येतो. बोल्टच्या पोटात फायरिंग पिन असते, पेन्सिलीच्या तुकड्याएवढी. या रायफलीत तिला धरून ठेवणारी स्प्रिंग नाही, ती मोकळीच असते. मागून हॅमर बसला की ती पुढं जाऊन गोळीच्या बुडाच्या टोपीवर आदळते. बोल्ट काढून कानाशी हलवला तर पिन वाजते, टिक टिक. वाजली म्हणजे मोकळी आहे.

बुधवारी पहाटे सहाला नाल्याकडच्या मैदानात फायरिंग होतं. डिसेंबरचा मध्य, धुक्यात निशाणाच्या पाट्या अर्ध्याच दिसत होत्या. जंगू आडवा झाला, सेफ्टी खाली केली, घोडा दाबला.

टिच्.

गोळी चालली नाही. त्यानं शिकवल्याप्रमाणे बोल्ट मागं ओढून ती गोळी फेकली, दुसरी घेतली. पुन्हा टिच्. तिसरी चालली, पण बोल्ट अर्ध्यातच रखडला.

कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, जंगू दहा जणांच्या गस्तीत सगळ्यांत पुढं जंगलात जाणार होता. पुढच्या माणसाची रायफल तिथं टिच् म्हणाली असती, तर मागच्या नऊ जणांच्या घरी कोणत्या बातम्या गेल्या असत्या, ते प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं.

न चाललेल्या दोन्ही गोळ्या मी उचलून रुमालात बांधल्या.

नवी रायफल अडली की दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत कारण लिहून वर कळवायचं, असा आम्हाला आदेश आहे. कारण सापडेपर्यंत ती पुसायची नाही, तेल द्यायचं नाही. दुपारी एकला अंगणात, उन्हात टेबल टाकून मी सतरा नंबर खोलली. समोर आमचे उपनिरीक्षक सरनाईक साहेब. सत्तावीस वर्षांचे, कोल्हापूरकडचे, इथं येऊन पाच महिने झालेले. माणूस वाईट नव्हता. वरून येणाऱ्या फोनला फार भ्यायचा, एवढंच.

मी एकेक भाग उचलला. पिस्टन तुपासारखा सरकला. बोल्ट सहज फिरला. कानाशी हलवला, पिन वाजली. सगळं गुळगुळीत, स्वच्छ. मला काही म्हणजे काही सापडलं नाही.

साहेबांना सापडलं. त्यांनी टॉर्च मारून वरच्या पट्टीच्या दातांत पाहिलं आणि सुईनं काहीतरी उकरलं.

“हे काय आहे?”

“कुंकू.”

“आणि हे?”

“तांदूळ. अक्षता आहे जी.”

“मिळालं कारण.” त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “निकुरेबाई, तुमच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण हे शस्त्रागार आहे, देवघर नाही.”

“साहेब, ही पट्टी दुर्बिनीची. आतल्या यंत्राशी हिचा काईच संबंध नाई. घराच्या कवेलूवर तांदूळ सापडला, म्हनून चूल विझली असं कसं म्हनाव?”

मागं उभ्या पोरांपैकी कोणीतरी खोकलं. मी रुमाल सोडून गोळ्या पुढं केल्या.

“टोपीवरचा खड्डा पाहा. उथळ आहे. पिन लागली, पन जोरात नाई लागली.”

“का नाही लागली?”

“ते मले अजून सापडलं नाई,” मी म्हटलं.

“म्हणजे कारण तुम्हाला माहीत नाही आणि मला सापडलेलं मान्य नाही.”

“दसऱ्याले मी फक्त बटवर बोट टेकवलं होतं, साहेब. एक बोट, चोवीस बट. लोखंडाले कुंकू मी लावतच नाई, गंजते. मुठीनं उधळलं ते फोटोसाठी. फोटो आहे अजून आपल्या ग्रुपवर.”

त्या फोटोत उधळणारी मूठ कोणाची आहे, ते सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांचे कान लाल झाले. संध्याकाळी पाचला प्रफुलनं तो कागद टाइप करून आणला.

मी सही करत नाही म्हटल्यावर साहेब स्वतः बाहेर आले.

“उपवासानं डोकं फिरलंय का तुमचं? मार्गशीर्ष चालू आहे ना?”

“उपास उद्या आहे, साहेब. आज जेवली आहे मी.”

“उद्या आठ वाजता अहवाल जाणार. सही नसेल तर लिहीन, संबंधितांनी सही करण्यास नकार दिला.”

“लिवा जी. तेवढं तरी खरं राहीन.”

“चावी?”

“कोत मोजून देल्ल्याबिगर चावी देता येत नाई. सकाळी मोजून देईन.”

साहेब वळून आपल्या खोलीत गेले.

रात्री झोप लागली नाही, पण पहाट नेहमीच्या वेळी झाली. माझा एक नेम आहे. उठल्यापासून दिवा लागेपर्यंत बोलायचं नाही. आईनं घालून दिलेला, एकवीस वर्षं चाललेला. बाळंतपणातसुद्धा मोडला नाही, तेव्हा माझ्या वतीनं आईनं दिवा लावला. दिव्याला मोहाच्या बियांचं तेल, आम्ही त्याला टोरीचं तेल म्हणतो. जंगूची आई बुधरी घरी घाण्यावर काढते आणि बाजाराच्या दिवशी माझ्यासाठी एक बाटली पाठवते.

आंघोळ करून मी देवापुढं बसले. बाटली तिरपी केली. तेल आलं नाही.

थंडीच्या दिवसांत ते कधीच येत नाही. टोरीचं तेल गारठ्यात तुपासारखं थिजतं, पांढरं होतं. मग मी बाटली गरम पाण्यात ठेवते, ते पातळ होतं, आणि दुपारपर्यंत बाटलीत पुन्हा साधं पिवळं तेल दिसतं. एकवीस हिवाळे मी हे करत आले. त्या दिवशीही उठून पाणी तापवायला जाणार, तेवढ्यात हात निरांजनाकडं गेला. कालची उरलेली वात सरळ करायला मी बोट लावलं. वात हलली नाही. थिजलेल्या तेलात ती गच्च बसली होती.

मी बोटानं पुन्हा ढकलली. नाहीच.

पिन, माझ्या मनात आलं.

दिवा तसाच उचलला, न लावलेला, आणि कोतकडे गेले. शाल घ्यायचंही राहिलं. कोतच्या दारावर पहाऱ्याला जंगूच होता.

“राम राम बाई. आज लवकर?” म्हणाला, मग माझ्या हातातला विझलेला दिवा पाहून स्वतःच म्हणाला, “हाव, बोलू नका, बोलू नका.”

मी कुलूप काढलं. सतरा नंबरचा बोल्ट बाहेर काढला, बर्फासारखा गार. कानाशी हलवला. आवाज नाही. पुन्हा हलवला. पोटात दगड असल्यासारखा मुका. नऊ नंबरचा काढून हलवला, टिक टिक. सतराचं टोक नाकाशी नेलं. तेव्हा कुठं कळलं. तो वास रोज माझ्याच बोटांना असतो, म्हणून दुपारभर रायफल हाताळूनही मला तो आला नव्हता.

मी बोल्ट जंगूच्या नाकाखाली धरला.

“टोरी,” तो हसून म्हणाला. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. “बाई... तुमीच तं म्हनलं होतं.”

मी भुवया वर केल्या.

“दिवाळीनंतर मी आल्तो ना तेल मांगाले. तुमी म्हनलं, डबा रिकामा आहे. मी म्हनलं, मंग काय लावू? तुमी म्हनलं, ‘आता काय माह्या दिव्यातलं देऊ का?’ मी इचार केला, बाई देवाच्या दिव्यातलं नाव घेते, म्हंजे चांगलंच अशीन. तुमच्या दिव्यातलं काऊन मांगू, तेल तं माह्याच मायनं काढलं. मंग घरूनच आनलं. रोज देल्लं बाई, एक दिवस खाडा नाई. माह्या आज्यानं जलमभर भरमार बंदुकीले हेच लावलं. देवाले चालते तं रायफलले काऊन नाई चालनार?”

मी वैतागून बोलले होते. तेलाचा डबा रिकामा, मागणीला उत्तर नाही, आणि दिवसाला आठ पोरं येऊन तेच विचारायची. ते बोलणं हा माणूस मनात ठेवून दीड महिना इमानानं पाळत होता. मला त्याला सांगायचं होतं, आज्याच्या बंदुकीत अशी पिनच नव्हती रे, बापा. पण दिवा लागलेला नव्हता.

आणि दिवा लावायला तेल तापवत बसले असते तर तेवढ्यात सूर्य वर आला असता. सूर्य वर आला की सतरा नंबर पुन्हा शहाणी होणार, कालच्या दुपारसारखी. मी दोन्ही बोल्ट एका हातात घेतले, दिवा दुसऱ्या हातात, कोत बंद केली आणि जंगूला मानेनं खूण केली. पहारा बदलायला आलेल्या पोराला जागेवर उभं करून तो माझ्यामागं आला.

साहेबांच्या खोलीसमोर शेकोटी पेटलेली होती. साहेब माकडटोपी घालून, चहाचा पेला घेऊन शेकत बसले होते. शेजारी प्रफुल अहवालाची फाइल घेऊन.

“आलात? सही करायला?” साहेब म्हणाले.

मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि निरांजन उलटं केलं. तेलाचा थेंब पडला नाही. वातही पडली नाही.

“हे काय आता?”

मी नऊ नंबरचा बोल्ट त्यांच्या कानाशी हलवला. टिक टिक. मग सतराचा. काही नाही.

“अहो, तोंडानं बोला ना! मी काय विचारतोय?”

मी पुन्हा हलवला. एकदा नऊ, एकदा सतरा.

“निकुरेबाई, हा उद्धटपणा आहे. मी तुमचा अधिकारी आहे. बोला!”

“साहेब,” प्रफुल हळूच म्हणाला, “बाईचा दिवा नाई झाला अजून. दिव्याआधी त्या बोलत नाईत.”

“म्हणजे मी इथं मुक्याचा खेळ बघत बसू?”

मी खाली बसले. सतराचा बोल्ट शेकोटीवर धरला, निखाऱ्यांपासून वीतभर वर, फिरवत फिरवत, भाकरी शेकतात तसा. साहेब बघत राहिले. चहा हातातच. मिनिटभर गेलं असेल. बोल्टच्या तोंडातून एक पिवळा थेंब सुटला आणि निखाऱ्यावर चर्र झाला. मोहाचा वास सगळीकडं पसरला. मी बोल्ट पदरात धरून साहेबांच्या कानाशी नेला.

टिक टिक. टिक टिक.

साहेबांनी तो माझ्या हातून घेतला. स्वतः हलवला. मग नऊ नंबरचा हलवला. मग पुन्हा सतराचा. त्यांनी माकडटोपी काढून मांडीवर ठेवली.

तोवर मी निरांजन निखाऱ्यांशी टेकवलं होतं. तेल विरघळलं. एक काडी पेटवून वात लावली, पूर्वेकडं तोंड करून हात जोडले. एकवीस वर्षांत पहिल्यांदा माझा दिवा शेकोटीजवळ, दोन पुरुष आणि एका साहेबासमोर लागला. देवानं तो घेतला असावा, कारण तो वाऱ्यात विझला नाही.

“आता बोलते, साहेब,” मी म्हटलं. “टोरीचं तेल आहे. गारठ्यात थिजते, पिनले धरून ठेवते. हॅमर बसते, पन पिन पुढं जाता जाता मंद होते. म्हनून खड्डा उथळ. काल दुपारी आपन उन्हात पाह्यलं, तेव्हा ते पातळ झालं होतं.”

साहेबांनी लांब श्वास सोडला. मग जंगूकडं वळले.

“तू लावलंस?”

“हाव जी.”

“खायचं तेल? सरकारी रायफलीला? भोयर, लिहा. हिचामी यांनी मनमानीपणे...”

“लिवा,” मी म्हटलं. “पन पूर्ण लिवा, प्रफुलभाऊ. रायफलचं तेल संपलं ते सप्टेंबरात. मी मांगनी लिवली चार ऑक्टोबरले, मंग अठ्ठावीसले, मंग एकोनीस नोव्हेंबरले. तिन्ही आवक रजिस्टरमधे आहेत. तिन्हीवर ‘पाहिले’ म्हनून सही आहे. वर एकही गेली नाई.”

प्रफुलचं पेन थांबलं. सही कोणाची, ते त्यानं विचारलं नाही. साहेबांनीही नाही.

“तुम्ही मला धमकी देताय?”

“नाई जी. धमकीले आवाज लागते. माह्यापाशी तेवढा नाई.”

जंगू ताठ उभा होता. मी प्रफुलच्या हातून कोरा कागद घेतला आणि शेकोटीजवळच्या बाकावर बसून, स्वतःच्या अक्षरात लिहिलं. बुधवारी काय झालं, दुपारी काय दिसलं, आज काय दिसलं. तेल कोणतं होतं आणि रायफलीचं तेल का नव्हतं, तीन तारखांसह. शेवटी लिहिलं: ‘शिपाई हिचामी यांनी तेलाबाबत मला विचारले असता, मी दिव्यातले तेल देऊ का, असे वैतागून बोलले. त्यांनी ते खरे मानले. शस्त्राबद्दल असे बोलणे ही माझी चूक आहे. इतर रायफलींत असे तेल आहे का, ते मी दीड महिन्यात तपासायला हवे होते, तेही माझे काम राहिले. कुंकवाचा याच्याशी काहीही संबंध नाही.’ खाली सही केली, पूर्ण नावाची.

साहेबांनी वाचलं. दोनदा वाचलं.

“हे तुम्ही स्वतःच्याच विरोधात लिहिलंय.”

“आपल्याविरुद्ध गेलं म्हनून ते खोटं नाई होत.”

“मग मला तुम्हाला कोतवरून काढावंच लागेल. कळतंय ना?”

“कळते जी.”

मी गळ्यातून चावी काढली. माळ केसांत अडकली, ती सोडवायला वेळ लागला. चावी मी त्यांच्या पेल्याशेजारी ठेवली. प्रफुलला म्हटलं, “ताबा रजिस्टर आना, भाऊ.”

रजिस्टर आलं. त्यात चार रकाने आहेत: कोणाकडून, कोणाकडे, वेळ, कारण. पहिले तीन साहेबांनी भराभर लिहिले. चौथ्याशी पेन थांबलं.

‘कुंकू’ आता लिहिता येत नव्हतं. ‘निष्काळजीपणा’ लिहिला तर कोणाचा, ते पुढं लिहावं लागणार होतं, आणि त्याला चिकटून तीन तारखा आल्या असत्या. साहेबांनी पेन उचललं, पुन्हा टेकवलं. कागदावर एक निळा ठिपका मोठा होत गेला. मी समोर उभी होते. दिवा बाकावर जळत होता.

बाहेर गस्तीची बाकी नऊ माणसं रांगेत आली. पाठीवर पिशव्या, पायात बूट, हात रिकामे. साडेसात झाले होते. सात पंचवीसला हत्यार वाटप व्हायला हवं होतं. त्यांच्यातला एक जण ओरडला, “बाई, कोत उघडून राह्यले का आज?”

साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं, चावीकडं पाहिलं. मग रजिस्टरच्या त्या ओळीवर आडवी रेघ मारली, शेजारी छोटी सही केली आणि चावी माझ्याकडं सरकवली.

“गस्तीला उशीर होतोय,” ते म्हणाले. “उघडा.”

“हाव जी.”

गस्त तासभर उशिरा निघाली, कारण मी एकही रायफल तशीच दिली नाही. सगळे बोल्ट काढायला लावले. रॉकेलच्या चिंधीनं पुसायला लावले, कोरडे ठणठणीत. आणखी तिघांच्या रायफलींना तोच वास आला. ते तिघं जंगूकडं बघायला लागले, जंगू आकाशाकडं. त्याच्या मायच्या बाटल्या अख्ख्या बराकीत फिरल्या होत्या.

“आता कोनी देवाच्या तेलाचं नाव घेतलं तं पाहा,” मी म्हटलं. “तेल येईपर्यंत कोरडी. रोज सकाळी निघायच्या आधी कानाशी हलवाची. नाई वाजली तं माह्याकडं यायचं, शिपाई असो का साहेब.”

दहा माणसं अंगणात उभी राहून बोल्ट कानाशी हलवायला लागली. टिक टिक, टिक टिक. साहेब दारात होते. ते आपल्या खोलीत गेले आणि स्वतःचा बोल्ट घेऊन आले.

जंगूनं सतरा नंबर डाव्या खांद्याला लावून पाहिली. मी त्याला दुसरी देत होते, त्यानं घेतली नाही.

“हे आता वाजून राह्यली, बाई. हेच देजा.”

मैदानात नेऊन मी त्याला पाच गोळ्या चालवायला लावल्या. त्या गारठ्यातच. पाचही चालल्या. मग दिली.

माझं निवेदन आठच्या अहवालासोबत गेलं, जसं लिहिलं तसं. एक शब्द बदलला नाही, हे मी पाकिटात घालताना स्वतः पाहिलं.

शनिवारी सामानाची गाडी आली. गाडीतून रायफलीच्या तेलाचे दोन डबे उतरले, आणि एक पाकीट. पाकिटात माझ्या नावाची कारणे दाखवा नोटीस: वरिष्ठांच्या कामकाजाबाबत अनावश्यक उल्लेख का केलात, पंधरा दिवसांत खुलासा करा.

ड्रायव्हरनं दोन पावत्या पुढं केल्या. मी दोन्हींवर एकाच पेनानं सही केली. डबे कोतमध्ये ठेवले, कुलूप लावलं, चावी गळ्यात घातली, आणि खुलासा लिहायला त्याच संध्याकाळी बसले. पहिली ओळ सोपी होती. ‘उल्लेख आवश्यक होता.’